दोन दिवसांचे भोपाळ

मुंबई-दिल्ली लोहमार्गावरचे भोपाळ मराठी प्रवाशाला बहुधा सांची किंवा भीमबेटका पाहण्यासाठी केलेला मुक्काम म्हणूनच ठाऊक असते. इतिहासाच्या वाचकाला पहिल्या बाजीरावाने डिसेंबर १७३७ मध्ये निजामाला येथे कोंडीत पकडल्याचे आणि पुढच्याच महिन्यात दोराहा सराईच्या तहात माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य करवून घेतल्याचे आठवते, तर उरलेल्या जगाला आठवते ती १९८४ ची वायुदुर्घटना. प्रत्यक्ष शहर मात्र बाजूलाच राहते.

जुन्या शहराची आजची ठेवण मुख्यतः बेगमांची आहे. १८१९ ते १९२६ या काळात, मधली थोडी वर्षे वगळता, कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान या माय-लेकींच्या चार पिढ्यांनी संस्थानाचा कारभार पाहिला, आणि प्रत्येकीने शहरात काही ना काही बांधले. ‘शहर-ए-खास’, म्हणजे पूर्वी तटबंदीच्या आत असलेली वस्ती, पायीच फिरावी. चौकातली जामा मशीद आणि तलावाकाठचा गौहर महाल कुदसियाचा, १८६० ची मोती मशीद सिकंदरची. जवळच असलेली ताज-उल-मसाजिद ही भव्य मशीद शाहजहान बेगमेने बांधावयास घेतली, परंतु पैशाअभावी काम रखडले, १९७१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये पुरे झाले, त्यामुळे ‘नवाबी’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या या वास्तूचा बराच भाग स्वतंत्र भारतातला आहे, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

या फेरीची सुरुवात न्याहारीने करावी. माळव्यातले पोहे मराठी घरातल्या कांदेपोह्यांपेक्षा वेगळे असतात: ते वाफेवर मऊ ठेवलेले असतात, त्यांत बडीशेप लागते, वर ओल्या खोबऱ्याऐवजी शेव आणि कच्चा कांदा पडतो, आणि सोबत गरम जिलबी घेतली जाते. त्यानंतरचा सुलेमानी चहा हे खास भोपाळी प्रकरण आहे. अन्यत्र या नावाने बिनदुधाचा चहा मिळतो, येथे मात्र बराच वेळ उकळलेल्या दुधाच्या गोड चहात चिमूटभर मीठ असते. पहिला घोट बुचकळ्यात पाडतो, दुसऱ्या पेल्याची मागणी मात्र बहुतेक जण करतात.

मांसाहारी मंडळींनी संध्याकाळ चटोरी गल्लीसाठी राखावी. दही, कोथिंबीर आणि हिरवी मिरची यांचा रिझाला, तसेच मांसाचे बारीक तुकडे मोजक्या मसाल्यात परतून केलेला फिलफोरा, हे येथील नावाजलेले पदार्थ. लखनौच्या अत्तरी नजाकतीची अपेक्षा घेऊन गेल्यास निराशा पदरी पडेल, कारण येथील चव अधिक रोखठोक आहे. शाकाहाऱ्यांसाठी दाल-बाफला आहे. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडून, मग निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवलेला. खानदेशातील वरण-बट्टी खाणाऱ्याला हे नाते सांगावे लागत नाही, फरक इतकाच की बट्टी उकडून, चकत्या करून तुपात तळतात. त्यानंतर दुपारी काही पाहण्याचा बेत आखू नये.

दुसरा दिवस नव्या भोपाळचा. वाटेत लागणारा कमला पार्क हा मुळात बांध आहे: अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदी अडवून मोठा तलाव केला अशी परंपरा आहे, तर बांधाच्या पलीकडचा छोटा तलाव १७९४ चा. श्यामला टेकडीवर चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन (१९८२) रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही, कारण त्याचे चौक उतारात पायरीपायरीने खाली गेले आहेत. येथेच जगदीश स्वामीनाथन यांनी जनगढसिंह श्याम या गोंड तरुणाला आणले आणि घराच्या भिंतींवरची चित्रकला कागदावर, कॅनव्हासवर आली. वेळ कमी असल्यास मात्र जनजातीय संग्रहालयाला (२०१३) अग्रक्रम द्यावा, कारण तेथील दालने गोंड, भिल्ल, बैगा आदी समाजांतील कलावंतांच्याच हातची आहेत आणि काचेआड ठेवलेल्या वस्तूंचा कंटाळा तेथे येत नाही. ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून शनिवार-रविवार गाठावा. सांची आणि विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये शोधलेल्या भीमबेटक्याच्या चित्रगुहा यांसाठी तिसरा दिवस वेगळा काढावा, एरवी कात्री लागते ती शहरालाच.