बाटली काळी पडेपर्यंत

गैरसमज : पाणी नितळ आहे, वास नाही, म्हणजे पिण्याजोगे आहे.

वस्तुस्थिती : पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू मुळीच आढळता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. असे जंतू कितीही असले तरी पाणी काचेसारखेच दिसते.

गैरसमज : टीडीएस मीटरवर आकडा कमी आला, की पाणी शुद्ध.

वस्तुस्थिती : मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याच्या खिजगणतीतही नसतात.

गैरसमज : गावातल्या किटने जंतू जागच्या जागी कळतात.

वस्तुस्थिती : गावाचे पाणी तपासणारा जलसुरक्षक वापरतो ती एचटूएस बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांची देणगी; ही चाचणी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाटलीत जंतूंचे खाद्य, गंधकयुक्त क्षार आणि लोहक्षार असतात. विष्ठेतून आलेल्या जंतूंसोबत सहसा असणारे काही जंतू वाढताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. पण जंतू वाढायला वेळ लागतोच. उन्हाळ्यात साधारण दिवसभर, थंडीत दोन दिवसही. हिला ‘झटपट’ म्हणतात ते इनक्युबेटर आणि प्रयोगशाळेवाचून भागते म्हणून. पीसीआर ही जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी काही तासांत उत्तर देते खरे, पण ती मेलेल्या जंतूंचा डीएनएही मोजते. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात हा घोळ होऊ शकतो. शिवाय तिचा खर्च आणि यंत्रे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरची.

गैरसमज : बाटली काळी पडली नाही, म्हणजे निर्धास्त प्यावे.

वस्तुस्थिती : ही चाचणी विषाणू पकडत नाही, आणि नमुना घेतल्यानंतर फुटलेल्या जलवाहिनीची तिला खबर नसते. उलट, काही विहिरींच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असल्याने बाटली विनाकारण काळी पडते. म्हणून काळी बाटली हा इशारा समजावा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

मिनिटाभरात उत्तर देणारी चाचणी आहे, पण ती जंतूंची नव्हे, क्लोरीनची. ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकल्यावर नळाचे पाणी पिवळे झाले, तर उरलेला क्लोरीन आहे. तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. माझ्या मते गावाने रोज पाहावे ते हेच. पाणी पिवळे झाले नाही, तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला सांगा आणि तोवर उकळूनच प्या.