बाळाची बॅग आणि लाडवांचा डबा

मंडईच्या मागे राहणारी एक मुलगी मागच्या महिन्यात दवाखान्यात आली. पहिले बाळंतपण माहेरी, इथे भिवंडीत झाले. बाळ चार महिन्यांचे झाले आणि आता नवऱ्याकडे दुबईला निघायचे. सोबत आई आणि आईच्या हातात वहीचे पान, दोन्ही बाजूंनी भरलेले. "डॉक्टर, यातलं काही राहिलं असेल तर सांगा."

मी यादी वाचली. राहिले काहीच नव्हते, उलट बरेच काढायचे होते.

आपल्या गावातून आखाती देशांत जाणारी कुटुंबे नवी नाहीत. अशी यादी माझ्याकडे वरचेवर येते आणि तिच्यात पहिली ओळ डायपरची असते. या मुलीने सहा पुडे घेतले होते. दुबईत कोपऱ्यावरच्या दुकानातही डायपर मिळतात, दूधपावडर मिळते, बाटल्या मिळतात. ज्या वस्तूंची खोकी आमच्या मानकोली-राहनाळच्या गोदामांतून रोज ट्रकने बाहेर पडतात, त्या समुद्रापलीकडे पोचत नसतील असे का समजायचे? सोबत दोन दिवसांचे न्यावे, बाकीची जागा मोकळी ठेवावी.

खरा हिशेब प्रवासाच्या तासांचा आहे, आणि तिथेच लोक चुकतात. "विमान तर तीन तासांचं," मुलगी म्हणाली. पण घरातून निघून मानकोली नाक्याची कोंडी, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, टॅक्सी, हे सगळे धरले तर दहा-अकरा तास होतात. तेवढ्या वेळाचे सामान हातातल्या पिशवीत हवे. दर अडीच-तीन तासांना एक डायपर आणि वर तीन जादा. बाळाचे कपड्यांचे दोन जोड आणि आईचा एक कुडता. हा कुडता सगळे विसरतात. बाळ ओकते ते आईच्या अंगावर.

अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला वाटेत दुसरे काही लागत नाही, पाणीही नाही. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजावे. गिळण्याने कानाचे दडे सुटतात. वरचे दूध असेल तर पावडर एकेका वेळेची मोजून कोरड्या डब्यांत न्यावी, उकळलेले पाणी थर्मासमध्ये, आणि दूध आयत्या वेळी करावे. १०० मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधाला आणि औषधाला प्रवासापुरता लागू नाही, मात्र तपासणीत ते स्वतःहून काढून दाखवावे. तिथे गेल्यावर पावडरचा ब्रँड बदलला तर डब्यावरचे प्रमाण पुन्हा वाचा. एका चमच्याला कुठे ३० मिलिलिटर पाणी असते, कुठे ६०. जुन्या सवयीने केलेले दूध दुप्पट घट्ट किंवा निम्मे पातळ होते.

औषधाचे तर त्याहून जपावे. आपल्याकडच्या तापाच्या थेंबांत सहसा १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. सिरपमध्ये साधारण तेवढेच औषध ५ मिलिलिटरला असते. थेंबांच्या बाटलीतून कोणी चमचाभर पाजले, तर सहा किलोच्या बाळाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम जाईल, म्हणजे लागते त्याच्या पाचपटीहून जास्त. म्हणून मी चिठ्ठीवर बाळाचे वजन आणि डोस मिलिग्रॅममध्ये लिहून देतो, आणि ती बाटलीबरोबर ठेवायला सांगतो. शेजारणीने सुचवलेले झोपेचे औषध मात्र मी यादीतून खोडले. विमानात बाळ रडले तर रडू दे. सर्दी-खोकल्याची सिरपेही एवढ्या बाळाला द्यायची नसतात, ग्राइप वॉटरची गरज नसते, आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. ओआरएसची दोन पाकिटे, थर्मामीटर, लसीकरणाचे कार्ड आणि त्याची झेरॉक्स एवढे पुरे. तिथले लसींचे वेळापत्रक वेगळे आहे. कुठली लस कधी झाली हे तिथल्या डॉक्टरला कळले पाहिजे.

आता पानाच्या मागच्या बाजूला आलो. "डिंकाचे लाडू, दोन किलो."

"आजी, लाडवांत खसखस आहे का?"

"म्हणजे काय! बाळंतिणीचे लाडू खसखशीवाचून होतात का?"

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्या स्वयंपाकघरात ते निरुपद्रवी आहे, पण संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया इथे ते न्यायला बंदी आहे. सिंगापूरलाही परवानगीवाचून चालत नाही. तिथले अधिकारी त्याकडे अमली पदार्थ म्हणून पाहतात. सामान जप्त होण्यावर भागले तर नशीब, अटकही होऊ शकते. चार महिन्यांचे बाळ कडेवर असलेली एकटी बाई चौकशीच्या खोलीत बसली आहे, असे नुसते डोळ्यांसमोर आणा. गरम मसाल्यातही खसखस असते, हेही आजींना सांगितले. सौदीला जायफळही चालत नाही, आणि आपल्या बाळगुटीच्या पुडीत जायफळ हटकून असते. सहा महिन्यांच्या आत गुटी देऊच नये असे माझे मत आहे, त्यावरून आजींचा आणि माझा वाद झाला. तो मिटला नाही. पण पुडी इथेच राहिली.

लाडवांच्या बाबतीत आजी गप्प झाल्या. "एवढुशी खसखस हो," एवढेच म्हणाल्या. लेक म्हणाली, "आई, मला लाडू नकोतच." त्यावर आजी चिडल्या, घरी गेल्या आणि खारीक, खोबरे, डिंक, गूळ घेऊन खसखशीविना नवा घाणा केला. हे मला नंतर कळले.

मुलगी पोचल्याचा फोन आजींना तिसऱ्या दिवशी आला. बाळ उतरताना पीत होते, बाकी वेळ झोपले. डायपर मात्र सहाच्या सहा पुडे नेले होते म्हणे.

पहिले खसखशीचे लाडू आजींनी दवाखान्यात आणून दिले. कंपाउंडरने आणि मी ते दोन दिवसांत संपवले.