परकीयांचे स्थावर संपत्तिधारण

एखाद्या राज्याचा नागरिक नसलेल्या व्यक्तीने त्या राज्यातील जमीन, घर वा तत्सम स्थावर मालमत्ता खरेदी, देणगी, वारसा किंवा भाडेपट्टा यांद्वारे संपादन करणे व धारण करणे. जंगम मालमत्ता मालकाबरोबर सीमेपलीकडे जाऊ शकते. जमीन जात नाही. तिच्यावरील परकीयाचा हक्क हा त्यामुळे सर्वत्र सार्वभौमत्वाशी निगडित प्रश्न मानला गेला आहे.

मध्ययुगीन फ्रान्समध्ये परकीय मृत झाल्यास त्याची मालमत्ता राजाकडे जाई. ही प्रथा तेथे १८१९ मध्ये कायमची रद्द झाली. इंग्लंडमध्ये परकीयास जमीन धारण करण्याची मोकळीक १८७० च्या अधिनियमाने मिळाली. भारतातील इतिहास काहीसा उलटा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने प्रारंभी आपल्याच देशबांधवांना येथे मुक्तपणे जमीन घेऊ दिली नाही; वसाहतवाल्या गोऱ्यांमुळे महसूलव्यवस्था व शांतता बिघडेल, अशी तिला भीती होती. १८३३ च्या सनदी कायद्याने आणि त्यानंतर १८३७ च्या चौथ्या अधिनियमाने हा निर्बंध दूर झाला. नीळ, चहा व कॉफी यांच्या मळ्यांच्या पुढील विस्तारास ही मोकळीक साहाय्यभूत ठरली.

स्वातंत्र्योत्तर काळात या विषयाचे नियंत्रण परकीय चलनविषयक कायद्यांकडे आले. परकीय चलन नियमन अधिनियम, १९७३ (अंमल १ जानेवारी १९७४ पासून) याच्या ३१ व्या कलमान्वये भारतीय नागरिक नसलेल्या व्यक्तीस रिझर्व्ह बँकेच्या पूर्वानुमतीशिवाय स्थावर मालमत्ता घेता, ठेवता वा हस्तांतरित करता येत नसे. निकष नागरिकत्वाचा होता; परकीय व्यक्ती भारतात कितीही वर्षे राहिलेली असो, तिला अनुमतीची गरज असे. या कलमाचा भंग करून झालेले हस्तांतरण मुळातच निष्प्रभ ठरते काय, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, बंगलोर येथील एका मिळकतीच्या १९७७ मधील बक्षीसपत्राच्या वादात, ते निष्प्रभ ठरते असा निर्णय दिला. कायदा रद्द होऊन दोन दशके लोटल्यावरही जुन्या दस्तऐवजांची छाननी त्याच्याच निकषावर होते, ती यामुळे.

परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ (अंमल १ जून २००० पासून) याने मुख्य निकष नागरिकत्वाऐवजी निवास हा ठरविला. भारतात निवासी ठरणारा परकीय येथे घर घेऊ शकतो. अनिवासी व भारतीय वंशाचा नसलेला परकीय घेऊ शकत नाही, त्याला पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा मोकळा आहे. पाकिस्तान, बांगला देश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान इ. काही देशांच्या नागरिकांना निवासी असूनही सामान्यतः पूर्वानुमती लागते. निवासी ठरण्यास मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य हवे, हे सर्वांना ठाऊक असते. ते वास्तव्य नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळ राहण्याचा उद्देश दर्शविणाऱ्या कारणासाठी हवे, हा व्याख्येचा उत्तरार्ध मात्र पुष्कळदा दुर्लक्षिला जातो.

गोव्यात नेमके हेच घडले. २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश, रशियन व इतर परकीयांनी किनारी गावांत घरे व जमिनी घेतल्या. त्यांपैकी काहींनी पर्यटक-परवान्यावरील वास्तव्याचे दिवस मोजून स्वतःस निवासी म्हणविले, तर काहींनी कंपनी स्थापून तिच्या नावे खरेदी केली. पुढे अंमलबजावणी संचालनालयाने अशा व्यवहारांची चौकशी आरंभिली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे व्यवहार वैध झाला, ही समजूत खरेदीदारांस महाग पडली. कारण भंग सिद्ध झाल्यास व्यवहारातील रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो व मालमत्ता सरकारजमाही होऊ शकते.

शेतजमिनीचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि त्याची झळ परकीयांपेक्षा परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनाच अधिक पोहोचते. अनिवासी भारतीय, तसेच परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) पत्रधारक यांना घर वा दुकान घेता येते. शेतजमीन, फार्महाउस व मळे यांची खरेदी त्यांना निषिद्ध आहे. शिवाय महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याच्या ६३ व्या कलमामुळे शेतकरी नसलेल्या भारतीयासही जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीविना शेतजमीन विकत घेता येत नाही. उदा., नासिक जिल्ह्यातील कांद्याची मोठी बाजारपेठ असलेल्या लासलगावच्या परिसरातील एका शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेत स्थायिक होऊन तेथील नागरिक झाला, असे समजू. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचे नाव लागू शकते. परंतु वडिलांनी हयातीत ती जमीन त्याला बक्षीस देणे नियमबाह्य आहे. शेजारचा बांध विकाऊ निघाला, तरी तो त्याला घेता येत नाही. सख्ख्या भावाचा वाटाही विकत घेता येत नाही. स्वतःचा वाटा मात्र तो भारतातील निवासी शेतकऱ्यास विकू शकतो. म्हणजे अशा कुटुंबाच्या जमिनीचा ओघ परदेशस्थाकडून गावाकडे एवढाच राहतो. पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारलेल्या गोमंतकीयांची स्थितीही अशीच आहे. गोव्यात २०२३ च्या अधिनियमाने शेतजमिनीचे बिगरशेतकऱ्याकडे होणारे हस्तांतरणही निर्बंधित केले आहे.

काही देशांनी याउलट घरखरेदीच्या मोबदल्यात निवासाचा परवाना देऊ केला. पोर्तुगालने २०१२ मध्ये व स्पेनने २०१३ मध्ये ५ लाख यूरोंच्या खरेदीवर ही सवलत सुरू केली. घरांच्या किंमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागल्याने पोर्तुगालने २०२३ मध्ये घरखरेदीचा मार्ग बंद केला. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये योजनाच संपुष्टात आणली. ग्रीसने किमान रकमेत मोठी वाढ केली. संयुक्त अरब अमिरातीत २० लाख दिरहमांच्या मालमत्तेवर दहा वर्षांचा परवाना मिळतो. भारताच्या २०१६ मधील कायम निवासयोजनेत क्रम वेगळा आहे : दीड वर्षात १० कोटी किंवा तीन वर्षांत २५ कोटी रुपये उद्योगात गुंतवून किमान वीस भारतीय निवाशांना रोजगार पुरविणाऱ्या परकीयास प्रथम निवास मिळतो आणि त्या निवासामुळे राहण्यासाठी एक घर घेता येते. केवळ घर घेऊन निवास मिळविण्याची सोय भारतात नाही.

भारतीय निवाशास परदेशात घर घेण्यासाठी उदारीकृत प्रेषण योजनेखाली (२००४) एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. रुपयाची घसरण रोखण्यासाठी ऑगस्ट २०१३ मध्ये ही मर्यादा ७५,००० डॉलरवर आणून परदेशातील घरखरेदीस मनाई करण्यात आली होती. ती पुढील वर्षी उठविण्यात आली. कुटुंबातील व्यक्तींनी आपापल्या मर्यादेतील रकमा एकत्र केल्यास त्या सर्वांनी योजनेच्या अटी पाळणे आवश्यक असते. अशी मालमत्ता प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. ती दडविल्यास २०१५ च्या काळा पैसा अधिनियमान्वये ३० टक्के कर व त्याच्या तिप्पट दंड आकारला जातो. परदेशात राहत असताना घेतलेले घर भारतात परतल्यावरही स्वतःकडे ठेवता येते. त्यास रिझर्व्ह बँकेची अनुमती लागत नाही.