हातगाडीलाही पत्ता हवा

आषाढात भोगावतीच्या खोऱ्यात पावसाने जोर धरला, की राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे केव्हा उघडतात याकडे साऱ्या कोल्हापूर जिल्ह्याचे लक्ष लागते. नदीकाठच्या गावांना पुराची चिंता असते. शहरातील नोकरदारांना व विद्यार्थ्यांना धरण पाहावयास जाण्याची हौस असते. रविवारी वाहनांची रीघ लागते आणि रस्त्याच्या कडेने कांदाभजी, वडापाव, भाजलेली कणसे व चहा यांच्या गाड्या उभ्या राहतात. पावसाळ्याआधी काजवे पाहण्यासाठी आणि पुढे दाजीपूरच्या जंगलासाठी येणारे पर्यटक हेच या गाड्यांचे गिऱ्हाईक. भजी खाऊन आपण घरी परततो. परंतु ही गाडी येथे कोणाच्या परवानगीने उभी आहे, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. गाडीवाल्याला मात्र तो रोज पडतो.

या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही. राज्यमार्गाची कडा सार्वजनिक बांधकाम खात्याची, धरणाचा परिसर जलसंपदा खात्याचा, त्यापलीकडचे अरण्य वन खात्याचे आणि गावातील रस्ता ग्रामपंचायतीचा. पदार्थांच्या शुद्धतेसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. गाडी हातगाडी नसून मोटार असेल, तर वाहनाच्या रचनेत बदल करण्यास परिवहन खात्याची संमती हवी. यांपैकी प्रत्येकाला ‘येथून ऊठ’ असे म्हणण्याचा अधिकार आहे. ‘येथे बैस’ असे म्हणण्याची जबाबदारी मात्र यांपैकी कोणा एकावर नाही.

शहरातील विक्रेत्याची स्थिती निदान कागदावर तरी याहून बरी आहे. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील विक्री हा घटनेच्या एकोणिसाव्या कलमातील व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भाग मानला. अर्थात त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा ठेवून. पुढे पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण व पथविक्रीचे विनियमन करणारा केंद्रीय कायदा अमलात आला. त्यानुसार दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे आहे. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणास उठविता येत नाही. जागा बदलावयाची तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. नगर पथविक्री समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असेही बंधन आहे. या तरतुदी सर्वत्र पाळल्या जातात असे नव्हे. परंतु न पाळणाऱ्याला जाब विचारण्यासाठी त्या हाताशी आहेत.

राधानगरीच्या गाडीवाल्याच्या हाताशी त्या येत नाहीत. कायद्याने ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणून महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत व छावणी मंडळ यांची नावे घेतली आहेत आणि इतर संस्थांचा उल्लेखही शहर वा नगर यांच्याच संदर्भात केला आहे. ग्रामपंचायतीचे नाव त्यात नाही. राधानगरी हे तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथील कारभार ग्रामपंचायतीचा आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला बाजाराची फी घेण्याचा व रस्त्यावरील अतिक्रमण हटविण्याचा अधिकार दिला; विक्रेत्याच्या संरक्षणाची अशी यंत्रणा दिली नाही. फी भरूनही विक्रेता अतिक्रमकच राहतो, तो यामुळे.

परवाना नसण्याची किंमत केवळ अधूनमधून सोसाव्या लागणाऱ्या जप्तीइतकी नसते. उद्या येथे उभे राहता येईल की नाही याची खात्री नसलेला मनुष्य काचेचे झाकण, स्वच्छ पाण्याची टाकी वा बरी शेगडी यांत पैसे गुंतवीत नाही. त्याला बँक दारात उभी करीत नाही. २०२० साली पथविक्रेत्यांसाठी सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पहिले कर्ज दहा हजारांचे होते. परंतु योजना शहरी विक्रेत्यांसाठी होती आणि प्रमाणपत्र किंवा नागरी संस्थेची शिफारस ही तिची किल्ली होती. २०२५ मध्ये तिची व्याप्ती जनगणना-नगरे व शहरालगतच्या भागांपर्यंत वाढविण्याचे ठरले. तीही राधानगरीपासून दूरच थांबते. मग उरतो तो खाजगी सावकार. गाडीवरील अस्वच्छतेबद्दल आपण नाक मुरडतो, पण तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी ही अनिश्चितता असते.

नियम किचकट केल्यानेही हेच घडते. पेरूतील अर्थतज्ज्ञ हेर्नांदो द सोतो यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लिमा येथे एक लहानसा शिवणकामाचा कारखाना सारे नियम पाळून नोंदवून पाहिला. त्यास २८९ दिवस लागले. कायदा पाळणे इतके महाग पडू लागले, की गरीब माणूस कायद्याबाहेर राहणेच पत्करतो.

यावर रास्त आक्षेप आहेत. घाटाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गर्दी होते, अपघाताचे भय असते. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ पासूनचे. १९८५ मध्ये त्याचा विस्तार राधानगरी अभयारण्यात झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. तेथे प्लास्टिकचे पेले व उष्टे अन्न पडून चालणार नाही. भाडे व कर भरणाऱ्या खानावळवाल्याची तक्रारही खोटी नाही. तथापि हे सारे आक्षेप नियम असावेत असे सांगतात, गाडी नसावी असे नव्हे.

तेव्हा नियम कसे असावेत? शहरी कायद्याचे मोजमाप येथे जसेच्या तसे चालणार नाही. तेथे विक्रेत्यांची मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत धरली आहे. राधानगरीचे गिऱ्हाईक गावात राहतच नाही आणि ते पावसाळ्यातील रविवारी येते, बुधवारी येत नाही. येथे संख्या ठरवावी ती जागा व कचरा झेपण्याच्या क्षमतेवरून. तहसीलदार, पंचायत, तिन्ही जमीनमालक खाती आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी यांची एक तालुका समिती असावी. तिने रस्त्यापासून हटून, अभयारण्याबाहेर, पाण्याची व कचराकुंडीची सोय असलेल्या जागा आखून द्याव्यात. एकाच अर्जावर हंगामी प्रमाणपत्र मिळावे, फी पावतीनेच घ्यावी आणि गाडीवालीनेच कचरा परत न्यावा अशी अट असावी. शहरातून येणाऱ्या भांडवलवाल्या ‘फूड ट्रक’ला हातगाडीच्याच पंक्तीला बसवू नये. त्याची फी वेगळी, जागा वेगळी, आणि पहिला हक्क स्थानिकांचा. अन्यथा परवाना पद्धत येईल आणि तिचा पहिला बळी कणसे भाजणारी बाईच ठरेल.

हा विचार या भूमीला परका नाही. हे धरण ज्यांनी हाती घेतले त्या शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसविली. म्हणजे व्यापाराला आधी जागा दिली. पुढे अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. त्या एका कपाने गिऱ्हाईक आले, कारण दुकानदाराच्या पाठीशी राज्यसत्ता उभी असल्याचे लोकांनी पाहिले. आजच्या शासनाने प्रत्येक गाडीवर चहा घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. धरणाच्या वाटेवरील विक्रेत्याला त्याच्या जागेचा क्रमांक लिहिलेला एक कागद मात्र त्याने द्यावा. पुढच्या आषाढाच्या आत तो देता येण्याजोगा आहे.