चिखलात दडलेलं शिसं

ओहोटीच्या वेळी लोकलने मानखुर्दहून वाशीला गेलात, तर ठाणे खाडीचा पूल येताच एक उग्र वास नाकात शिरतो. डब्यातली माणसं नाकाला रुमाल लावतात. आपण त्या वासाचा माग काढूया का?

तो आहे हायड्रोजन सल्फाइड वायू. सडक्या अंड्यातूनही हाच निघतो. खाडीत तो तयार करतात जिवाणू! खारफुटीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला, की खाली प्राणवायू जवळजवळ नसतोच. मग तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि सल्फाइड बाहेर टाकतात. सल्फाइडला लोखंड भेटलं, की चिखल काळाकुट्ट होतो.

लोखंडाशिवाय आणखीही पाहुणे चिखलात येतात: शिसं, तांबं, जस्त, कॅडमियम, पारा. १९६०नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वाढत गेले. कारखान्यांचं सांडपाणी, शहरांची गटारं, रस्त्यांवरून वाहणारं पावसाचं पाणी असं सगळं खाडीला येऊन मिळतं. २००० सालापर्यंत तर आपल्याकडच्या पेट्रोलमध्येही शिसं मिसळलेलं असायचं. हे धातू मातीच्या बारीक कणांना चिकटून प्रवास करतात. भरतीचं पाणी खारफुटीतल्या तिवरांच्या मुळांत अडखळलं, की कण खाली बसतात. तिथे सल्फाइड धातूंना असं घट्ट धरतं, की ते सहजी पाण्यात विरघळत नाहीत.

एक किलो गाळात यातले काही धातू जेमतेम काही मिलिग्रॅम असतात. एक मिलिग्रॅम म्हणजे बारीक मिठाचे दहा-पंधरा दाणे! एवढ्याशाने काय होतं, असं वाटेल. पण पान कुजतं, धातू कुजत नाही. तो साठत जातो. थोडं तांबं चिंबोरीला हवंच असतं, तिचं रक्त त्यामुळेच निळसर दिसतं. शिसं आणि पारा मात्र कुणाच्याच शरीराला नको असतात. त्यातून आणखी एक पंचाईत आहे. सल्फाइड बनवणारे काही जिवाणू थोड्या पाऱ्याचं मिथिल पारा नावाचं जास्त घातक रूप करतात. ते गाळातल्या किड्यांत शिरतं, किड्यांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत जातं. याच खाडीत हजारो रोहित पक्षी चोच बुडवून गाळातलं अन्न गाळून खातात! त्यांच्यासाठी २०१५ साली इथे अभयारण्य झालं आणि २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा, मान मिळाला.

तिवरंही आपल्या परीने पहारा देतात. चिखलातून वर डोकावणारी त्यांची श्वसनमुळं हवा खाली पोचवतात. थोडा प्राणवायू मुळांबाहेर झिरपतो, तिथलं लोखंड गंजतं आणि मुळांवर नारिंगी लेप चढतो. काही धातू त्या लेपातच अडकतात.

म्हणून खारफुटी तोडून चिखल उपसायचा बेत कुणी केला, की मला फार काळजी वाटते. काळा चिखल उघडा पडला, की हवा आत शिरते, सल्फाइड फुटतं, आम्ल तयार होतं आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलेले धातू पुन्हा पाण्यात सुटतात.

कुठल्या वर्षी किती धातू आला, हे कसं कळतं? शास्त्रज्ञ चिखलात लांब नळी रोवतात, आतला गाळ अलगद बाहेर काढतात आणि त्याच्या चकत्या कापतात. वय सांगायला मदत करतं चक्क शिसंच! शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं हवेतून सतत पडत असतं आणि सुमारे २२ वर्षांत निम्मं होतं. म्हणजे ४४ वर्षांत पाव, ६६ वर्षांत एक अष्टमांश. जितकी खोल चकती, तितकं ते कमी. पण वरपासून खालपर्यंत ते सारखंच भरलं तर? तर बिळं खणणाऱ्या चिंबोऱ्यांनी सगळे थर ढवळून टाकलेले असू शकतात, आणि शास्त्रज्ञांना नळी घेऊन दुसरी जागा शोधावी लागते.