मोशीहून विमानतळ गाठायचाय? आधी रस्ता लॅपटॉपवर खोदून बघा

मोशीहून लोहगाव विमानतळाला जायचं तर एक वाट आळंदी-दिघी-विश्रांतवाडीची, दुसरी पुणे-नाशिक रस्त्याने भोसरीकडून. या दुसऱ्या रस्त्यावर नाशिक फाटा ते खेड असा 30 किलोमीटरचा आठ पदरी उन्नत मार्ग होणार आहे. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली, खर्च 7,827 कोटी. खांबांच्या कामाला खालची एखादी लेन जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. रांग किती लांब जाईल, ते मात्र मोजावं लागतं.

गूगल मॅप्स आत्ताची कोंडी दाखवतं. 'उद्या लेन बंद केली तर?' हे विचारायचं सिम्युलेशनला. मी वापरतो ते 'सुमो' (टाटांची नव्हे!) जर्मनीच्या एरोस्पेस सेंटरने बनवलंय, फुकट आणि ओपन सोर्स. ओपनस्ट्रीटमॅपवरून मोशीचे रस्ते त्यात थेट येतात. प्रत्येक गाडी सेकंदा-सेकंदाला पुढची गाडी बघून आपला वेग ठरवते.

समजा, तासाला 2,400 गाड्या येतात आणि उरलेल्या लेनमधून 1,800 च जातात. तासाभरात 600 अडकल्या. गाडीमागे 7 मीटर धरले, तर मागच्या दोन लेनमध्ये दोन किलोमीटरची रांग! आता चाकणच्या कंपन्यांनी शिफ्ट थोडी पुढे-मागे केली आणि 500 गाड्या त्या तासातून हलल्या, तर अडकतात फक्त 100. रांग साडेतीनशे मीटर. गाड्या वीसेक टक्क्यांनी कमी, रांग सहापट छोटी. फ्लाइट मिळते की चुकते, ते इथे ठरतं.

पण स्क्रीनवर सगळं सुरळीत दिसलं की मला आधी शंका येते. सुमोमध्ये 300 सेकंद अडकलेली गाडी उचलून पुढे ठेवली जाते, म्हणजे 'टेलिपोर्ट' होते. ही सेटिंग बंद केली नाही, तर कोंडी कागदावर आपोआप सुटते. शिवाय आपल्या बाइक लेन पाळत नाहीत, फटीतून घुसतात. त्यासाठी 'सबलेन' मॉडेल चालू करावं लागतं. ते विसरलात तर आलेलं उत्तर मोशीचं नाही, म्युनिकचं.

आणि वळवलेली वाहतूक जाते कुठे? बहुतेक देहू-आळंदी रस्त्यावर, जिथे शाळेच्या बसही असतात. म्हणून माझी एकच मागणी आहे: बॅरिकेड लावायच्या आधी हे गणित साध्या मंगळवारी चालवाच, पण आळंदीच्या कार्तिकी एकादशीलाही चालवून बघा.