जुन्या मोटारीबरोबर मिळणारें फुकटचें बक्षीस

संत्र्याचा बहार विकून अथवा कापसाचा हिशेब चुकता होऊन शेतकऱ्याच्या हातीं चार पैसे खुळखुळूं लागले, कीं नागपुरांतील व्यापाऱ्यांस त्याची आठवण होते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत व पुढें पाडव्यास सवलतींचा वर्षाव चालतो. कापडचोपड व सोनेंनाणें यांच्या जोडीला अलीकडे एकदां वापरलेल्या मोटारींच्या जाहिरातीहि येऊं लागल्या आहेत. "गाडी न्या, सोबत मिक्सर न्या", "सीट-कव्हरें मोफत", "विमा आमच्याकडून", "कागदपत्रांचा खर्च शून्य", "जुनी गाडी द्या, वर बोनस घ्या", अशी ती भाषा असते.

जुनी मोटार घेण्यांत कमीपणा नाहीं. काटोल-नरखेडच्या बागाइतदारास अथवा उमरेड-भिवापूरकडील कास्तकारास कळमन्याच्या बाजारीं जाणें, आजाऱ्यास शहरांतील दवाखान्यांत नेणें, मुलांस परीक्षेस पोंचविणें, हीं कामें नव्या गाडीनेंच होतात असें नाहीं. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांतच बरीच उतरते. तो तोटा पहिल्या मालकानें सोसलेला असतो. तेव्हां आमचा आक्षेप जुन्या गाडीवर नाहीं. गाडीबरोबर येणाऱ्या फुकटच्या वस्तूकडे कोणत्या नजरेनें पाहावें, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

बैलबाजारची शहाणीव

आमच्या वाचकांस जुनें जनावर पारखण्याचें शिक्षण नव्यानें द्यावयास नको. बैलबाजारांत शेतकरी आधीं दांत पाहतो, खांदा चाचपतो, खुरें उचलून पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि मग किमतीची गोष्ट काढतो. बैलाच्या पाठीवर नक्षीदार झूल आहे म्हणून कोणी शंभर रुपये जास्त मोजीत नाहीं. उलट विकणारा झूल काढूं देत नसेल, तर जाणता शेतकरी म्हणतो कीं, खांद्याला कांहीं तरी व्रण आहे. हीच शहाणीव मोटारीच्या दुकानांत शिरतांना मात्र पुष्कळजण दाराबाहेर ठेवतात. नवीं सीट-कव्हरें, नव्या पायचटया व चकचकीत रंग ही मोटारीची झूल होय. ती मोफत मिळते याचा आनंद मानण्यापूर्वीं ती वर करून खालीं पाहिलें पाहिजे.

ही नुसती उपमा नव्हे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरांत कांहीं तासांत अतोनात पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरून घरांबरोबर दारांतल्या मोटारीहि बुडाल्या. पाण्यांत बुडालेली मोटार धुऊन, वाळवून, रंगवून उभी केली कीं वरून ओळखूं येत नाहीं. पण तारांच्या सांध्यांत गंज चढतो व वर्ष-सहा महिन्यांनीं एकेक यंत्र दगा देऊं लागतें. अशा गाडीचा पुरावा नेमका सीट-कव्हराखालीं व पायचटईखालीं असतो. म्हणून बैठकीखालची लोखंडी पट्टी गंजली आहे काय, चटईखालीं गाळ वा कुबट वास आहे काय, सुरक्षा-पट्टा पूर्ण बाहेर ओढल्यावर त्यावर चिखलाची रेघ दिसते काय, हें स्वतः पाहावें.

बक्षिसाचे पैसे कोण देतो?

'आयजीच्या जिवावर बायजी उदार' ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. व्यापारी बक्षीस देतो तें आपल्या खिशांतून नव्हे. गाडीच्या किमतींत तें अगोदरच मिसळलेलें असतें. समजा, एका गाडीचे ३ लाख २० हजार रुपये सांगितले व सोबत १५ हजार रुपये छापील किमतीच्या वस्तू मोफत दिल्या. व्यापाऱ्यास त्या वस्तू ठोक भावानें ८ हजारांस पडल्या असतील. गिऱ्हाइकास १५ हजार मिळाल्याचा आनंद होतो, आणि त्या आनंदांत गाडीच्या किमतीवर घासाघीस करावयाची तो विसरतो. बक्षिसाचा खरा उपयोग हाच. नव्या गाडीची किंमत चार ठिकाणीं सारखी असते; पण प्रत्येक जुनी गाडी वेगळी असल्यामुळें तिच्या किमतीस ठाम माप नसतें. जेथें माप नाहीं, तेथें किंमत फुगवून त्यांतून भेट देणें सोपें जातें.

शिवाय बक्षीस केवळ गिऱ्हाइकास मिळतें असें नाहीं. विक्री करणाऱ्या नोकरास गाडीमागें ठरावीक रक्कम, दलालास दलाली, आणि कर्ज मिळवून दिल्याबद्दल दुकानदारास सावकारी कंपनीकडून मोबदला, अशी सांखळी या धंद्यांत सर्वत्र असते. समोरचा मनुष्य गोड बोलतो याचा राग मानूं नये. त्याचा चरितार्थ त्यावर आहे. परंतु त्याचा सल्ला हा निःपक्ष सल्ला नव्हे, हें ध्यानांत असावें.

ही रीत जगभर चालते. अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत २००८ सालीं एका मोटारविक्यानें गाडी घेणारास पेट्रोलची रक्कम किंवा पिस्तूल, यांपैकीं हवें तें भेट देण्याची जाहिरात केली, व तिचा गाजावाजा साऱ्या जगांत झाला. गाडी चांगली कीं वाईट, याचा पिस्तुलाशीं काय संबंध, हा प्रश्न ज्यानें त्यानें स्वतःस विचारावा.

दोन जातींचीं आमिषें

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजाराचेंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. त्या विषयावरील कार्याबद्दल त्यास २००१ सालीं दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: गाडींतील दोष विकणारास ठाऊक असतो, घेणारास नसतो. त्यामुळें घेणारा सर्वच गाड्यांस मध्यम भाव देऊं करतो. त्या भावांत चांगल्या गाडीचा मालक आपली गाडी काढीत नाहीं, आणि बाजारांत वाईट गाड्या उरतात. यावर उपाय म्हणजे विकणारानें आपल्या मालाची जबाबदारी अंगावर घेणें.

यावरूनच आमिषांची पारख करतां येते. मिक्सर, सोन्याचें नाणें, पेट्रोल, सीट-कव्हर या वस्तू चांगली गाडी विकणारास जेवढ्या खर्चांत देतां येतात, तेवढ्याच खर्चांत वाईट गाडी विकणारासहि येतात. सबब त्यांवरून गाडीबद्दल कांहींच कळत नाहीं. पण "इंजिन व गिअर-पेटी यांत सहा महिन्यांत बिघाड झाल्यास दुरुस्ती आमच्या खर्चानें" अथवा "आठवड्याच्या आंत गाडी परत आणल्यास पैसे परत" असें लेखी देणें वाईट गाडी विकणारास परवडत नाहीं. पहिल्या जातीचें आमिष नजर गाडीवरून काढून घेतें. दुसऱ्या जातीचें विकणारास गाडीशीं बांधून ठेवतें. हमी मिळाली तर मिक्सर सोडून द्यावा. मिक्सर मिळाला म्हणून हमी सोडूं नये. मात्र हमीपत्रांत कोणते भाग वगळले आहेत व किती किलोमीटरांची मर्यादा आहे, हें सही करण्यापूर्वीं वाचावें.

'मोफत' या शब्दाच्या पोटांत

'आर. सी. मोफत नांवावर करून देऊं', हें फार ऐकूं येतें. हलक्या खासगी मोटारीच्या मालकी-बदलाची केंद्रीय नियमांतील मूळ फी ३०० रुपये आहे. इतर आकार वेगळे. तेव्हां ही भेट वाटते तेवढी मोठी नव्हे. उलट गाडी शेजारच्या राज्यांतील असेल तर प्रकरण निराळें होतें. छिंदवाड्याची एमपी २८, शिवनीची एमपी २२ अथवा बालाघाटची एमपी ५० या क्रमांकांच्या गाड्या नागपूर जिल्ह्यांत स्वस्त म्हणून येतात. त्यांस तेथील ना-हरकत दाखला लागतो व महाराष्ट्रांत कायम चालवावयाची तर येथील कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. हा कर त्या 'मोफत' मध्यें धरला आहे काय, हें लेखी विचारावें.

'मोफत विमा' म्हणजे पुष्कळदां केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा असतो. स्वतःची गाडी ठोकली वा चोरीस गेली तर त्यांतून छदामहि मिळत नाहीं. पहिल्या मालकाची दावा न केल्याबद्दलची सूट गाडीबरोबर येत नाहीं. ती त्याची त्याच्यापाशींच राहते. 'तीन सर्व्हिस मोफत' यांत बहुधा मजुरी तेवढी मोफत. तेल, गाळणी व सुटे भाग यांचे पैसे द्यावेच लागतात.

सर्वांत महाग पडते ती कर्जाबरोबरची भेट. समजा, ३ लाख रुपये ४ वर्षांसाठीं 'सरसकट ९ टक्के' दरानें दिले. वर्षाचें व्याज २७ हजार, चार वर्षांचें १ लाख ८ हजार. एकूण ४ लाख ८ हजार, म्हणजे महिना ८,५०० रुपये हप्ता. मुद्दल दरमहा फिटत असतांहि व्याज मूळच्या संपूर्ण रकमेवर घेतल्यामुळें हा दर घटत्या बाकीवर मोजला असतां सुमारें १६ टक्के होतो. तेंच कर्ज दुसरीकडे घटत्या बाकीवर १२ टक्क्यांनीं मिळालें, तर हप्ता ७,९०० च्या आसपास बसतो. महिन्याचा फरक ६०० रुपये, चार वर्षांचा २८,८०० रुपये. पांच हजारांच्या भेटीसाठीं कोणी एवढी रक्कम उघड्या डोळ्यांनीं देईल काय? १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानें अशा कर्जास सर्व खर्च धरून पडणारा वार्षिक दर दाखविणारें मुख्य तथ्यपत्रक देणें बंधनकारक आहे. तें मागून घ्यावें.

जुनी गाडी बदल्यांत देतांना

बदल्याच्या बोनसाच्या गडबडींत आपली जुनी जीप दुकानांत उभी करून नवी-जुनी गाडी घेऊन घरीं येणारे कितीतरी आहेत. येथें खरा धोका आहे. महसूल खात्यांत उभी हयात गेलेल्या आम्हांस हें विशेष जाणवतें कीं, शेत विकल्यावर फेरफार झाला काय याची चौकशी करणारा शेतकरी गाडीच्या फेरफाराची मात्र चौकशी करीत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणें विकणारानें १४ दिवसांत व घेणारानें ३० दिवसांत मालकी-बदल कळवावयाचा असतो. फेब्रुवारी २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट निर्णय दिला कीं, गाडी हातोहात कितीहि जणांस विकली गेली असली, तरी नोंद-वहींत ज्याचें नांव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. दहा हजारांचा बोनस घेऊन लाखोंची जबाबदारी मागें ठेवणें याहून तोट्याचा सौदा कोणता?

१ एप्रिल २०२३ पासून यास एक सोय झाली आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यास परिवहन खात्याचें अधिकारपत्र घ्यावें लागतें. आणि अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यांत गाडी दिल्याची सूचना नमुना २९ सी मध्यें नोंदली, म्हणजे तेथून पुढें तोच मालक मानला जातो. अधिकारपत्र पाहिल्याशिवाय व ही नोंद झाल्याची पावती हातीं आल्याशिवाय किल्ली सोडूं नये.

कायद्याचा आधार

फुकटच्या नांवाखालीं फसवणूक झाल्यास हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत, कबूल केलेली भेट न देण्याच्या हेतूनें जाहीर करणें, अथवा जिची किंमत एकंदर व्यवहारांत वसूल केली आहे ती वस्तु मोफत दिल्याचा भास निर्माण करणें, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. विक्री वाढविण्यासाठीं काढलेल्या सोडतीहि त्याच व्याख्येंत येतात. जिल्हा ग्राहक आयोगापुढें ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस फी नाहीं. १९१५ या राष्ट्रीय दूरध्वनि क्रमांकावरहि तक्रार नोंदतां येते. परंतु तोंडी वचनास पुरावा नाहीं. जाहिरातीचा कागद, पावती व संदेश जपून ठेवावे.

सौद्याची रीत

शेवटीं आमची सूचना एवढीच. दुकानांत शिरतांच सांगावें: "भेट नको, भेटीशिवाय गाडीचा भाव सांगा." तो भाव ऐकला कीं भेटीची खरी किंमत आपोआप कळते. मग गाडी दिवसाउजेडीं, इंजिन थंड असतांना सुरू करून पाहावी. किलोमीटरचा आंकडा कमी व पायाखालच्या दांड्यांचें रबर मात्र गुळगुळीत, असें असेल तर आंकड्यावर विश्वास ठेवूं नये. टायरवरील शेवटचे चार आंकडे पाहावे. ३२२१ म्हणजे २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यांतला टायर. शक्य तर गांवच्या चार जणांनीं मिळून विश्वासू मिस्त्री बरोबर न्यावा. त्याची मजुरी कोणत्याहि बक्षिसापेक्षां जास्त फळ देते. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीची नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा व नोंदणीची मुदत तपासावी. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यानें १५ वर्षांचीच असते, हें विसरूं नये. सात-बारा न पाहतां आपण शेत घेत नाहीं, आर. सी. न पाहतां गाडी घेऊं नये.

हें सर्व झाल्यावर गाडी पसंत पडली, भाव योग्य ठरला, हमी लेखी मिळाली, आणि मग व्यापाऱ्यानें आनंदानें मिक्सर दिला, तर तो अवश्य घ्यावा. आधीं गाडी, मग भाव, मग हमी, आणि सर्वांच्या शेवटीं बक्षीस, हा क्रम ज्यानें संभाळला त्याच्या घामाचा पैसा सहसा वायां जाणार नाहीं.